परिचारिकांच्या झोपेची इशारा पातळी कोण मोजणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत दोन आकडे लहान मुलालाही पाठ असतात. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पाणी ३८ वर गेले की नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसे धान्याचे डबे माळ्यावर चढवतात, जनावरे हलवतात, गाडी विश्रामबागेकडे कुणा पाहुण्याच्या दारात नेऊन लावतात. उंबऱ्याला पाणी लागेपर्यंत कुणी थांबत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी हे शिकवले.

कोविडनेही काही शिकवले. ऑक्सिजनचे नियोजन, खाटांची मोजदाद, औषधांचा साठा याचे तक्ते आता तयार असतात. वॉर्डात रात्रभर उभ्या असलेल्या परिचारिकेच्या झोपेला मात्र ना इशारा पातळी, ना धोका पातळी. ती चुकली किंवा कोसळली की मगच पाणी चढल्याचे कळते. आम्ही काही जण ड्युटी लिस्ट लावणारे आहोत, काही जण मानसोपचार परिचर्या शिकवणारे. आमचे म्हणणे एवढेच आहे की साथीतली परिचारिकांची झोप आणि मनःस्वास्थ्य हा योगवर्गाचा विषय नाही, तो ड्युटी लिस्टचा विषय आहे. आणि लिस्ट साथ येण्याआधी लावून ठेवता येते.

आधी आकड्यांबद्दल, कारण बातम्यांत ते फार बेफिकिरीने वापरले जातात. २०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या ३४ रुग्णालयांतील १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यात साठ टक्क्यांहून अधिक परिचारिका होत्या. ५०.४ टक्क्यांमध्ये नैराश्याची, ४४.६ टक्क्यांमध्ये चिंतेची आणि ३४ टक्क्यांमध्ये निद्रानाशाची लक्षणे आढळली. त्याच वर्षी १३ अभ्यास आणि ३३,०६२ जण एकत्र धरून केलेल्या आढाव्यात नैराश्य २२.८ टक्के, चिंता २३.२ टक्के आणि निद्रानाश ३८.९ टक्के निघाला. यावरून ‘निम्म्या परिचारिकांना नैराश्याचा आजार’ असा मथळा करणे चूक आहे. या पाहण्या प्रश्नावलीवर झाल्या. प्रश्नावली लक्षणे टिपते, निदान करत नाही. नैराश्याचा आकडा एकीकडे ५० आणि दुसरीकडे २३ आला, पण झोपेचा दोन्हीकडे ३४ ते ३९ च्या घरात राहिला. म्हणजे कुठेही पाहा, तिघींपैकी एकीची झोप उडालेली होती.

आपल्याकडची गोष्ट वेगळी नव्हती, लांबलेली होती. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात रुग्णांची साखळी सापडली आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले गेले. २०२१ मध्ये राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरली तरी सातारा आणि सांगलीत ती जुलैपर्यंत रेंगाळली, आणि त्याच जुलैत पूर आला. माणूस पंधरा दिवस कमी झोपेवर काढतो. पंधरा महिने काढता येत नाहीत.

आता झोप बिघडते कशी ते पाहू. शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक म्हणजे झोपेचा दाब: जितका वेळ जागे राहाल तितके ॲडिनोसिन मेंदूत साठते आणि डोळे जड होतात. दुसरे म्हणजे मेंदूतले घड्याळ. ते उजेडावर चालते, जागरणावर नाही. नाईट करून सकाळी नऊला घरी आलेल्या सिस्टरचा झोपेचा दाब भरपूर असतो, पण घड्याळ म्हणते ‘सकाळ झाली, ऊठ.’ म्हणून ती पडल्या पडल्या झोपते आणि साडेबाराला टक्क जागी होते. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारण दोनेक तासांनी तरी कमी पडते. ‘दिवसभर घरीच तर असतेस, झोप की’ असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावे.

उलट रात्री तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि लक्षही. नेमके त्याच वेळी वॉर्डात काम चढते: पहाटेची सॅम्पल, अँटिबायोटिकचे डोस, युरिनचे माप, शुगर आणि इन्शुलिन. कोविडमध्ये स्टिरॉइड सुरू झाल्यावर मधुमेह नसलेल्यांच्याही शुगर चढू लागल्या आणि इन्शुलिनचे डोस कित्येक पटींनी वाढले. इथे एक बारीकशी गोष्ट जवळून पाहावी. आपल्याकडे इन्शुलिनची बाटली दोन ताकदींत मिळते, एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी टोपणाची. पहाटे साडेपाचला, सातव्या सलग नाईटला, फेसशील्डवर वाफ धरलेली असताना १०० ची बाटली हातात आली आणि सिरिंज लाल टोपणाची उचलली, तर ‘१०’ च्या खुणेपर्यंत भरलेल्या पाव मिलिलिटरमध्ये १० नाही, २५ युनिट जातात. अडीच पट. रुग्णाला घाम फुटतो, तो गुंगीत जातो, आणि गुंगी कोविडचीच असेल असे वाटून तास निघून जातो. यात सिस्टरचा हलगर्जीपणा शोधणे सोपे आहे. तिला अज्ञान नव्हते, झोप नव्हती.

यावर उपाय महागडा नाही. एका वॉर्डात एकाच ताकदीची बाटली आणि त्याच रंगाच्या सिरिंजा ठेवायच्या. दुसरी ताकद वॉर्डात येऊच द्यायची नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात आणि ती थेट शिरेतून दिली तर हृदय थांबते. ती डिस्टिल्ड वॉटरच्या खणात नको, वेगळ्या कुलुपात हवी. तीन ते सहा या वेळात इन्शुलिन, पोटॅशियम, हेपरिन आणि गुंगीची औषधे दोघींनी पाहूनच द्यायची. एकीने मोठ्याने वाचायचे, दुसरीने बाटली बघायची. आणि जी सॅम्पल तातडीची नाहीत ती पाचला कशासाठी? राउंड नऊला असतो, साडेसहाला घेतली तरी रिपोर्ट येतो. पाचची वेळ केवळ ‘असेच चालत आले’ म्हणून आहे.

जागरणाचा परिणाम दारूशी ताडून पाहिला गेला आहे. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यासारखी मंदावते. २४ तासांनी ती ०.१० टक्क्यांच्या जवळ जाते. गाडी चालवण्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहिल्या नाईटचा हिशेब मांडा. सिस्टर सकाळी सातला उठली, डबे, धुणी, मुलांचा अभ्यास झाला, रात्री आठला ड्युटीवर हजर. मध्यरात्री तिचे १७ तास भरले. सकाळी आठला २५. मग ओव्हर देऊन (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवून), स्कूटीला किक मारून ती मिरजेहून सांगलीला किंवा तासगावच्या रस्त्याला लागते. ताशी ४० च्या वेगाने तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी ३३ मीटर पुढे जाते, चालवणाऱ्याशिवाय.

म्हणून पहिल्या नाईटच्या दुपारी दीड तासाची झोप ही चैन नाही, ड्युटीचा भाग आहे. ती घेता यावी म्हणून त्या दिवशी सकाळी मीटिंग, ट्रेनिंग, रजिस्टर भरायला बोलावणे, काहीही ठेवायचे नाही. आणि सकाळी उतरताना डोळे चुरचुरत असतील तर गाडी काढायची नाही. चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटे पडून मग निघायचे, नाहीतर रुग्णालयाच्या गाडीने किंवा वडापने जायचे.

आता मुख्य मुद्दा, लिस्टचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८ आणि नाईट ८ ते ८ अशा पाळ्या असतात. यात तीन ठिकाणी झोप खाल्ली जाते.

पहिले, दुपार करून लगेच दुसऱ्या दिवशी सकाळ. रात्री आठला सुटायचे, पण ओव्हर देऊन बाहेर पडेपर्यंत पावणेनऊ. घर, जेवण, ओटा आवरून अंथरूण धरायला साडेअकरा. पहाटे सव्वापाचला गजर. पावणेसहा तास, तेही पडल्या पडल्या झोप लागली तर. दोन ड्युट्यांमध्ये निदान ११ तासांचे अंतर असावे असा सर्वसाधारण दंडक आहे. कागदावर आठ ते आठ बारा तास दिसतात, म्हणून तो पाळल्यासारखा वाटतो. पण झोपेच्या पोत्याला तळाशी भोक पडलेले असते.

दुसरे, सलग सात नाईट. शरीर आठवडाभरात रात्रीला सरावते हा समज चुकीचा आहे, कारण रोज सकाळी घरी येताना डोक्यावर ऊन असते आणि घड्याळ पुन्हा दिवसावर येते. दोन किंवा फार तर तीन नाईट सलग असाव्यात. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की सलग नाईट काही सिस्टर स्वतःच मागून घेतात. मुलांची परीक्षा असते, सासरी कार्य असते, सुट्ट्या एकगठ्ठा मिळतात. एरवी चार-सहा महिन्यांतून एकदा हे चालून जाते. साथीत, दर नाईटला दोन-तीन मृत्यू होत असताना, चालत नाही.

तिसरी चलाखी सगळ्यांत जुनी. सकाळी आठला नाईट उतरते आणि तोच दिवस ‘ऑफ’ म्हणून लिस्टमध्ये लिहिला जातो. म्हणजे जिने आठ तास त्याच तारखेला काम केले तिची त्याच तारखेला सुट्टी. नाईटनंतरची सुट्टी तारखांनी मोजायची नसते, रात्रींनी मोजायची. परतीच्या ड्युटीआधी घरी दोन पूर्ण रात्री मिळाल्या तर घड्याळ बऱ्यापैकी जागेवर येते.

मग लिस्ट कशी लावायची? घड्याळाच्या दिशेने: सकाळनंतर दुपार, दुपारनंतर नाईट. उशिरा झोपणे शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते, म्हणून उलटी फिरवू नये. एक साधा नमुना असा: दोन सकाळ, दोन दुपार, दोन नाईट, उतरण्याचा दिवस, पूर्ण सुट्टी. आठ दिवसांचे चक्र आणि ४८ तास काम. आठ जणी एकेक दिवस मागेपुढे करून बसवल्या की प्रत्येक पाळीत रोज दोघी मिळतात. रजा, आजारपण, बाळंतपण यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचे निकष ३० टक्के राखीव धरतात, म्हणजे दहा ते अकरा जणी. एवढ्या असतील तरच दोघींची पाळी नीट चालते. सहा जणींवर तीच पाळी ओढली तर उरलेल्या चार-पाच जणींचे काम सहा जणींच्या झोपेतून वजा होते. कुठल्याही हिशेबाच्या वहीत ही उधारी दिसत नाही.

अतिदक्षता विभागाचा हिशेब आणखी कडक आहे. साथीत पीपीई किटमध्ये सहा तासांहून जास्त ठेवणे शक्य नसते, म्हणून दिवसाला चार पाळ्या. आठवड्याचे १६८ तास, एकीचे सहा दिवसांचे ३६ तास. भागाकार येतो ४.६७. त्यावर ३० टक्के राखीव धरले की एका खाटेजवळ चोवीस तास एक परिचारिका ठेवायला सहा जणी लागतात. एका रुग्णाला एक, हा निकष धरला तर दहा खाटांच्या आयसीयूला साठ. दोन रुग्णांना एक असे खाली उतरलो तरी तीस. शिवाय परिचारिकांनाच कोविड होतो, तेव्हा ३० टक्के राखीव पहिल्या पंधरवड्यातच संपते. खाटा वाढवल्याची घोषणा होते तेव्हा वाचकांनी आणि पत्रकारांनी एकच प्रश्न विचारावा: खाटा किती ते कळले, सहाने गुणून माणसे कुठे आहेत?

किटमधले सहा तास म्हणजेही सहा तास नसतात. चढवायला वीस मिनिटे, उतरवायला पंधरा, अंघोळ, कपडे बदलणे, जाणे-येणे धरून साडेआठ-नऊ होतात. लघवीला जाता येत नाही म्हणून ड्युटीआधी दोन तास पाणी बंद. पाळीच्या दिवसांत त्याहून हाल. मग बाहेर आल्यावर डोके ठणकते, त्यावर कडक चहा दोन कप, आणि तो चहाच पुढची झोप खातो. किट उतरवताना शेवटी मास्क काढायचा असतो, तोवर हात चेहऱ्याकडे न्यायचा नाही, दर टप्प्याला हात स्वच्छ करायचे. हे सगळ्यांना पाठ असते आणि तरी चूक तिथेच होते, कारण ती माणसाच्या सगळ्यांत दमलेल्या दहा मिनिटांत करायची गोष्ट आहे. समोर ताजी दुसरी व्यक्ती उभी राहून पायरी पायरी सांगत असेल तर चुका कमी होतात. ती व्यक्ती ‘जादा मनुष्यबळ’ म्हणून काढून टाकू नये.

चार पाळ्यांत रात्री दोनचा बदल येतो. दोन ते आठच्या पाळीवरच्यांना ‘अर्धी रात्र घरी मिळाली’ असे कागदावर दिसते, प्रत्यक्षात त्या झोपतच नाहीत. त्यांना संध्याकाळीच वसतिगृहात किंवा लॉजवर आणून आठ ते एक झोपू द्यावे. पुढच्या तीन-चार दिवसांत तीच वेळ कायम ठेवावी. झोपेचा एक तुकडा रोज ठराविक वेळी पडला तर घड्याळाला खुंटी मिळते.

नाईटमधल्या डुलकीबद्दल आता उघड बोलायला हवे. ड्युटीवर झोपणे हा शिस्तभंग, म्हणून आज काय होते? टेबलावर डोके टेकून, कान दाराकडे ठेवून, चोरून दहा मिनिटे. त्याने विश्रांती मिळत नाही आणि भीती मात्र राहते. वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने लेखी आदेश असावा: रात्री एक ते तीन या वेळात प्रत्येकीला आळीपाळीने अर्धा तास. त्यात झोप वीस मिनिटांची. अर्ध्या तासापेक्षा लांबली तर माणूस गाढ झोपेत जातो आणि उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटे बधिर असतो. तेवढ्यात कोड ब्लू झाला, म्हणजे कुणाचे हृदय बंद पडल्याची हाक आली, तर हात चालत नाहीत. वेळ असेल तर पूर्ण दीड तास, नाहीतर वीस मिनिटे. मधले पाऊण तास सगळ्यांत वाईट. जाण्याआधी आपले रुग्ण नावानिशी दुसरीकडे सोपवायचे, औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात द्यायची. उठल्यावर पहिली पंधरा मिनिटे डोस मोजायचे नाहीत; तोंड धुवायचे, खाटांवरून एक फेरी मारायची. वॉर्डात एकटीच सिस्टर असेल तर हा आदेश फळ्यावरच राहील, हेही आम्हाला ठाऊक आहे.

चहा-कॉफीचा परिणाम पाच तासांनी जेमतेम निम्मा उतरतो. सकाळी नऊला झोपायचे तर शेवटचा चहा रात्री दोनला. तीनला भूक लागते ती बरीचशी थंडीची आणि कंटाळ्याची असते. त्या वेळी वडापाव पोटात दगडासारखा बसतो. अकराच्या आत जेवण, तीनला ताक-चुरमुरे किंवा केळे, सकाळी घरी आल्यावर हलका नाष्टा, इतके पुरते. झोपेच्या वेळेचे आमचे गणित असे: साडेनऊ ते दीड-दोन एक झोप आणि संध्याकाळी ड्युटीआधी तास-दीड तास दुसरी. दोन तुकड्यांत घेतली तरी चालते. एका बैठकीत आठ तास झोप येत नाही म्हणून घाबरणाऱ्या मुली आम्हाला फार भेटतात.

इथवर सांगितले ते झोपेला वेळच न मिळणाऱ्यांसाठी. ज्यांना वेळ मिळतो, अंधारही असतो आणि तरी झोप येत नाही त्यांचा प्रश्न निराळा. दोन्हींना ‘झोप होत नाही’ असेच म्हणतात, त्यामुळे उपाय चुकतात. पहिलीला लिस्ट बदलून द्यावी लागते. दुसरीला लिस्ट बदलून काही होत नाही. तिला डोळे मिटले की मॉनिटरचा अलार्म ऐकू येतो, ‘सतरा नंबरचे सॅच्युरेशन मी डॉक्टरांना वेळेत सांगितले का’ हे चक्र सुरू होते. अंथरूण ही झोपेची जागा न राहता काळजीची जागा होते. त्यावर पहिला उपाय गोळी नाही, वर्तनोपचार आहे. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठायचे, मंद उजेडात काहीतरी निरस करायचे, डोळे जड झाले की परत यायचे. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवायचे. संध्याकाळी पंधरा मिनिटे वहीत काळज्या लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर ‘उद्या काय करणार’ किंवा ‘माझ्या हातात नाही’ यांपैकी एक शेरा मारायचा. पलंगावर मोबाईल नाही, जेवण नाही, ड्युटीचे फोन नाहीत. पहिल्या आठवड्यात झोप आणखी कमी झाल्यासारखी वाटते आणि बहुतेक जणी तिथेच सोडतात. चार ते सहा आठवडे लागतात हे आधी सांगितले नाही तर उपचारच फसला असे वाटते.

गोळीबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण परिचारिकांच्या हाताशी ती सहज असते. अल्प्राझोलाम पाव किंवा अर्धा मिलिग्रॅम, ‘आजच्या पुरती’ म्हणून सुरू होते. काही आठवड्यांत तेवढ्याने झोप येईनाशी होते, डोस वाढतो. नाईटला जाताना गुंगी राहते. एकदम बंद केली तर पूर्वीपेक्षा जास्त निद्रानाश, हात थरथरणे, क्वचित झटकेही येतात. मेंदूतले घड्याळ मात्र जिथल्या तिथे. ज्या बहिणी किंवा ब्रदर हे घेत असतील त्यांनी आज रात्री लगेच बंद करू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्यावी.

आता इशारा पातळीकडे येतो. निद्रानाश तीव्रता मापनाची सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. झोप लागायला त्रास, मध्येच जाग, फार लवकर जाग, झोपेबद्दल समाधान, दिवसाच्या कामावर परिणाम वगैरे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण २८. सातपर्यंत ठीक, ८ ते १४ उंबरठ्यावर, १५ ते २१ मध्यम निद्रानाश, २२ पासून पुढे तीव्र. म्हणजे ८ ही इशारा पातळी आणि १५ ही धोका पातळी. आयर्विनची पट्टी जशी रंगवली आहे तशीच. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारणारी, २७ गुणांची. १० किंवा त्याहून जास्त आले की तज्ज्ञाशी बोलावे. तिचा नववा प्रश्न जगण्याच्या इच्छेबद्दल आहे. त्यात शून्याशिवाय काहीही आले तर बेरीज बघायची नाही, त्याच दिवशी त्या व्यक्तीपाशी बसायचे, तिला एकटीला घरी पाठवायचे नाही.

ही प्रश्नावली राबवताना हमखास एक चूक होते. इन्चार्ज सिस्टर ओव्हरच्या वेळी कागद वाटतात आणि नाव लिहून परत मागतात. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्याच हातात कागद जाणार हे दिसल्यावर सगळ्यांचे गुण शून्य येतात आणि वर अहवाल जातो, ‘कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य उत्तम’. मुदतीच्या ऑर्डरवर असलेल्या मुली तर खरे लिहिण्याची शक्यताच नाही. पुढची ऑर्डर त्यांना दिसत असते. म्हणून नाव नको. दर पंधरा दिवसांनी फक्त वॉर्डाचे नाव आणि बेरीज लिहून चिठ्ठी पेटीत टाकायची, कागद स्वतःजवळ ठेवायचा. पेटी दुसऱ्या विभागातल्या, शक्यतो परिचर्या महाविद्यालयातल्या व्यक्तीने उघडायची. वॉर्डातल्या तिसऱ्या हिश्शाने ८ ओलांडले तर त्या वॉर्डाच्या नाईट कमी करायच्या. तिसऱ्या हिश्शाने १५ ओलांडले तर आठवडाभरात निम्मी माणसे बदलून कोविड नसलेल्या वॉर्डात द्यायची. ही तिसऱ्या हिश्शाची रेघ आमच्या अनुभवाची आहे, कुणी चाळीस टक्के म्हणेल. पण रेघ आधी मारलेली हवी.

झोपेच्या पलीकडे मनाला जे लागते त्यात मृत्यूपेक्षाही मृत्यूची पद्धत जास्त लागली. नातेवाईक बाहेर, आत शेवटचा व्हिडिओ कॉल धरून उभी राहणारी परिचारिका, आणि त्याच हातांनी पुढे बॅगेची चेन लावायची. ही कामे एकाच व्यक्तीकडे सलग येऊ नयेत. बातमी कळवण्याचे काम डॉक्टर आणि समुपदेशक यांच्या नावाने ठरवून द्यावे. ‘सिस्टर, तुम्हीच सांगा’ हे बंद व्हावे. एका पाळीत एकीकडे दोनपेक्षा जास्त मृतदेह बांधण्याचे काम नको. मृत्यूनंतर खाट धुवायला सुरुवात करण्याआधी दोन मिनिटे सगळ्यांनी थांबावे. याला खर्च नाही. उलट घटना घडल्यावर सगळ्यांना गोल बसवून ‘काय वाटले ते बोला’ अशी सक्ती करू नये. एका बैठकीत भावना उकरून काढण्याची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. बघा, ऐका, आणि गरज असेल तिथे जोडून द्या, हे मानसिक प्रथमोपचार पुरेसे असतात. महिना उलटूनही तीच दृश्ये स्वप्नात येत असतील, वॉर्डाच्या त्या कोपऱ्याकडे जाणे टाळले जात असेल, तर उपचारांची गरज आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. तो नोटीस बोर्डावर नको, टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा. तिथे तो टिपून घेताना कुणी पाहत नाही.

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षे होत होती. त्या वर्षी २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर फुले पडली. वाईट कुणी काही केले नाही. पण नंतर तणावमुक्तीची ऑनलाइन व्याख्याने दुपारी तीनला ठेवली गेली आणि नाईटवाल्यांना झोपेतून उठून हजेरी लावावी लागली, त्याचे काय करायचे?

पूरनियंत्रणाच्या बैठकीत बोटी, लाइफ जॅकेट, पंप यांची यादी वाचली जाते. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणांनी त्याच बैठकीत साथीची ड्युटी लिस्ट मंजूर करून ठेवावी: आठ दिवसांचे चक्र, डुलकीचा आदेश, रात्रीची वाहतूक, वसतिगृहाच्या खाटा आणि दुसऱ्या महिन्यापासून लागणाऱ्या बदली परिचारिकांची नावनिशीवार यादी. मिरजेत परिचारिका घडवण्याची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे. निवृत्त झालेल्या आणि अजून हाती-पायी धड असलेल्या कितीतरी जणी इथल्या गल्ल्यांत राहतात. किट चढवायला नाही, पण किट उतरवताना समोर उभे राहायला, फोनवर नातेवाइकांशी बोलायला, पेटी उघडायला त्या येतील. मात्र त्यांना आत्ताच विचारायला हवे.

आपले,
ड्युटी लिस्ट लावणाऱ्या काही परिसेविका आणि मानसोपचार परिचर्येचे अध्यापक,
मिरज–सांगली

ता. क. – दिवसा झोपण्याच्या खोलीला अंधार करायला महागडे पडदे लागत नाहीत. द्राक्षबागायतदारांच्या भागात कृषी सेवा केंद्रावर मल्चिंग पेपर मिळतो, एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने चंदेरी. चंदेरी बाजू बाहेर ठेवून काचेवर लावावा म्हणजे ऊन परतते आणि खोली तापत नाही. चौकटीच्या चारही बाजूंनी दोन-दोन बोटे जास्त कापावा. उजेड नेहमी वरच्या फटीतून येतो. दारावरची बेल बंद करावी, दूधवाल्याला वेळ बदलून सांगावी, आणि घंटागाडी साडेदहाला येते म्हणून कचऱ्याची बादली नाईटला जातानाच बाहेर ठेवावी.